उसाचा जादा दर : किंमत की नफा?



लागण नोंदीच्या कामासाठी आम्ही नुकतेच गटागटांतून फिरत होतो. एका गावी देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. बेणे, हुमणी, पाण्याच्या पाळ्या असे नेहमीचे विषय झाले. उठता उठता एका वयस्क सभासदाने विचारले, "साहेब, शेतीच्या उत्पन्नाला इन्कमटॅक्स नाही म्हणता. मग आम्हाला जादा दर दिला म्हणून साखर कारखान्यांना इन्कमटॅक्सच्या नोटिसा येत होत्या, त्या कशाच्या?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला जागच्या जागी नीट उत्तर देता आले नाही. आम्ही शेतकी पदविकेची माणसे. कांडी किती डोळ्यांची लावावी ते सांगू, पण कराच्या कलमांशी आमचा संबंध क्वचितच येतो. परत आल्यावर अकौंट खात्यातील सहकाऱ्यांजवळ दोन संध्याकाळी बसलो, कागद पाहिले आणि जे समजले ते येथे मांडत आहोत. त्या सभासदाचे उत्तर तर त्यात आहेच, पण आपल्या शेतकी खात्याच्या कामाचाही एक धडा त्यात निघाला.

टॅक्स कोणावर?

पहिली गोष्ट अशी की, तुमच्या उसाच्या बिलावर तुम्हाला आयकर नाही. ते शेतीचे उत्पन्न आहे. कर आहे तो कारखान्याच्या नफ्यावर. साखर, मळी वगैरे विकून जे आले, त्यातून ऊस, पगार, व्याज, दुरुस्ती असा खर्च वजा जाता जे उरते तो नफा. या खर्चात सर्वांत मोठी रक्कम उसाची. तेव्हा उसाला दिलेला दर हा 'खर्च' धरला तर नफा कमी दिसतो, कर कमी बसतो. त्यातला काही भाग 'खर्च नव्हे' असे म्हटले की तेवढाच नफा वाढतो आणि त्यावर कर लागतो. सारे भांडण एवढ्यावरूनच होते.

आता कोणी म्हणेल, दिलेला पैसा खर्च नाही तर काय? इथेच सहकाराची गंमत आहे. लोणीला प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हापासून आपल्या कारखान्यांत एकाच माणसाच्या डोक्यावर दोन पगड्या आहेत. ऊस घालतो तो शेतकरी म्हणून, आणि शेअर घेतो तो मालक म्हणून. शेतकरी या नात्याने त्याला मिळते ती उसाची किंमत. मालक या नात्याने मिळतो तो नफ्यातील वाटा. खासगी कारखान्यात ही दोन माणसे वेगळी असतात, म्हणून तिथे घोटाळा होत नाही. आपल्याकडे माणूस एकच, खिसा एकच. मग अंतिम हप्ता म्हणून जी रक्कम आली ती कोणत्या पगडीला आली, असा प्रश्न आयकर खात्याने उभा केला.

वादाचे मूळ

ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ सालचा. त्याप्रमाणे केंद्र सरकार उसाचा वैधानिक किमान दर, म्हणजे एस. एम. पी., ठरवीत असे. पुढे भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून १९७४ मध्ये या आदेशात कलम ५-अ आले. हंगामाअखेर साखरेतून जादा पैसा मिळाला तर त्यातील निम्मा भाग ऊस उत्पादकाला जादा किंमत म्हणून द्यावा, असे त्याचे सूत्र होते. सहकारी कारखाने प्रत्यक्षात किमान दरापेक्षा बरेच अधिक देत. कर खात्याचे म्हणणे असे, की किमान दरापर्यंतची रक्कम ही किंमत. त्यावरची रक्कम म्हणजे नफा वाटून टाकलेला, सबब तिच्यावर कर भरा. कारखान्यांचे म्हणणे असे, की हा दर सभासदाला आणि बिगरसभासदाला सारखाच दिला जातो. बिगरसभासदाला कोणी नफा वाटतो काय? ही किंमतच आहे.

२००९ मध्ये एस. एम. पी. जाऊन एफ. आर. पी., म्हणजे रास्त व किफायतशीर दर, आला. कलम ५-अ रद्द झाले. पण मागच्या वर्षांच्या आकारण्या तशाच लोंबकळत राहिल्या.

यात सभासदाचे काय जाते, ते हिशेबाने बघू. धरून चाला, एका कारखान्याने ५ लाख टन गाळप केले आणि सरकारी दरावर टनाला २०० रुपये जादा दिले. रक्कम झाली १० कोटी. ही सगळी नफा ठरली आणि ३० टक्क्यांनी कर बसला, तर ३ कोटी; अधिभार, दंड, व्याज वेगळे. पण ते १० कोटी कारखान्याजवळ आहेतच कुठे? ते केव्हाच वाटले गेले, त्यातून कोणाच्या विहिरीचे काम झाले, कोणाच्या मुलीचे लग्न झाले. मग ३ कोटी यायचे कुठून? पुढच्या हंगामातील उसातून. म्हणजे टनाला ६० रुपये. ८० टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे ४,८०० रुपये झाले. नोटीस कारखान्याच्या नावाने येते, पण तिची झळ तुमच्या बांधापर्यंत पोचते ती अशी.

निकाल कसा लागत गेला

तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये निर्णय दिला. त्याचा सारांश असा : सरकारी किमान दरावरची सगळीच रक्कम नफावाटप म्हणता येणार नाही, मात्र तिच्यात नफ्याचा अंश असू शकतो, आणि तो किती हे कर अधिकाऱ्याने हिशेब तपासून ठरवावे. म्हणजे दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे ठरले आणि कागद पुन्हा आकारणी अधिकाऱ्याच्या टेबलावर गेले.

दरम्यान कायदाही बदलत होता. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१५ साली एक तरतूद आली. सहकारी साखर कारखान्याने सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंत ऊस खरेदी केली, तर ती रक्कम खर्च म्हणून वजा मिळेल, अशी ती होती. करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पासून ती लागू झाली. 'सरकार' म्हणजे केवळ केंद्र की राज्यही, अशी शंका निघाली. ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकाने राज्य सरकारने ठरवलेला दरही त्यात येतो असा खुलासा झाला. राहिली होती ती २०१६-१७ च्या पूर्वीची वर्षे. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी त्या वर्षांतील ऊस पेमेंटही खर्च म्हणून मागण्याची संधी दिली. सहकारी कारखान्यांना त्यातून सुमारे १० हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. त्यासाठी कारखान्याने आकारणी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, असे ठरले. जुलै २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धतीही जाहीर झाली.

तरीही एक मेख आहे

वाचून कोणी म्हणेल, झाले, प्रश्न मिटला. पण शब्द नीट बघा : 'सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंत'. या रेषेच्या आत आहात तोवर वाद नाही. रेषेच्या पलीकडे कारखान्याने आपल्या मर्जीने दिलेल्या रकमेवर 'किंमत की नफा' हा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो. म्हणून जादा दर द्यायचा तर तो कोणत्या आधाराने, हे महत्त्वाचे. आपल्या राज्यात २०१३ चा ऊसदर विनियमन कायदा आहे. साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के, किंवा साखर व प्राथमिक उपपदार्थ मिळून झालेल्या उत्पन्नाचे ७० टक्के, असे त्याचे सूत्र. या हिशेबाने जो दर निघतो त्याला कायद्याचा आधार असतो. शेजारच्या कारखान्याने अमुक जाहीर केले म्हणून आपणही करा, एवढा आधार पुरत नाही.

शिवाय जादा दर द्यायला आधी पैसा यावा लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साखरेचा भावही बराचसा दिल्लीतील निर्णयांवर हलतो. परदेशी साखर स्वस्तात येऊन बाजार पाडू नये म्हणून फेब्रुवारी २०१८ मध्ये आयात शुल्क ५० टक्क्यांवरून १०० टक्के केले गेले, आणि मार्चमध्ये निर्यातीवरचे २० टक्के शुल्क काढून टाकले. याउलट १ जून २०२२ पासून निर्यातीवर बंधने आली. २०२४-२५ च्या हंगामात १० लाख टनांपुरती परवानगी मिळाली. बांध एकीकडे घातला की पाणी दुसरीकडे तुंबते, तसे हे आहे. यातले काहीच आपल्या गटातील बैठकीत ठरत नाही.

मग आपल्या हातात काय?

आता आम्ही आमच्या कामाकडे वळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफ. आर. पी. १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरली. त्यावर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे वाढ. (तोडणी-वाहतूक यातून वजा जाते, हे आपण जाणताच.) अर्धा टक्का उतारा वाढला तर टनाला १७३ रुपये. वरच्या उदाहरणातील २०० रुपयांच्या हे जवळपास आले! आणि ही वाढ सरकारनेच ठरवलेल्या दरात बसते. तिला नफा म्हणायची सोय नाही. मागाहून नोटीस येऊन ती खाईल, ही भीती नाही. उताऱ्यातून मिळालेला जादा दर हा बिनवादाचा दर.

उतारा मात्र एकट्याचा नसतो, साऱ्या कारखान्याचा धरला जातो. एकाने कच्चा ऊस घातला तर भुर्दंड सर्वांना. म्हणून आमची विनंती :

१) तोड कार्यक्रम पक्वतेप्रमाणेच होऊ द्यावा. आमचा माणूस ब्रिक्स पाहायला आला तर त्याला फडात आतपर्यंत जाऊ द्यावे. अडसालीच्या आधी आपल्या सुरूचा नंबर लावा, असा आग्रह धरू नये.

२) उशिरा युरिया टाकू नये. ऊस हिरवागार दिसतो, पण साखर भरत नाही.

३) वाढे, पाचट, मुळ्या, माती मोळीत जाऊ देऊ नये. तोडीच्या वेळी घरचे एक माणूस फडात उभे असावे.

४) तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा. फड पेटवून तोडण्याचा मोह टाळावा. तोड सोपी होते, पण साखर जाते.

आणि आणखी एक. वार्षिक सभेचा अहवाल घरी येतो तेव्हा आपण पहिले पान आणि फोटो पाहून तो ठेवून देतो. यंदा मागची पाने उघडा. 'संभाव्य देणी' या मथळ्याखाली आयकराच्या किती वर्षांच्या मागण्या आहेत, त्यांपैकी किती अर्ज केले, किती निकाली निघाले, हे सभेत विचारा. संचालकांना याचा राग येण्याचे कारण नाही. मालकाची पगडी डोक्यावर आहे, तर मालकाचे प्रश्नही तोंडी असावेत.

ओट्यावर प्रश्न विचारणाऱ्या त्या सभासदाचे आम्ही आभारी आहोत. पुढच्या फेरीत त्यांच्या गावी हा अंक घेऊन जाणार आहोत, आणि त्यांच्या खोडव्याचा ब्रिक्सही पाहून येणार आहोत.

आपला,
ऊस विकास अधिकारी