दम वाढतो, हाड मागे राहते

दक्षिण आफ्रिकेतील ‘कॉम्रेड्स’ ही शर्यत सुमारे ९० किलोमीटरची. म्हणजे नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाऊन-येऊन पुन्हा एकदा जाण्याइतकी. तिच्यासाठी आठवड्याचे किलोमीटर वाढवले की दमसास काही आठवड्यांत सुधारतो. हाडाचे तसे नाही. ताण पडला की त्याचा जुना भाग आधी झिजतो आणि नवा भरायला साधारण तीन महिने लागतात. नेमका याच काळात धावणाऱ्याचा उत्साह शिगेला असतो! नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागची कळ हा स्ट्रेस फ्रॅक्चरचा इशारा असू शकतो. सुरुवातीचा एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो, त्यावर विसंबू नये. वेदनाशामक गोळी घेऊन लांब धावणे म्हणजे तर मूत्रपिंडाशीही खेळ. चालतानाही दुखू लागले, तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.