आंकड्याचा जुगार आणि संभवाचें गणित

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा मुलूख. येथील रुई विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधलेल्या शकुंतला रेल्वेनें मूर्तिजापुरास व तेथून मुंबईच्या बाजारांत जाई. त्या बाजारास न्यूयॉर्कच्या कापूस-बाजाराचे उघडते व बंद भाव तारेनें कळत. मालाची देवघेव बाजूस ठेवून लोक या भावांच्या आंकड्यांवरच पैसे लावूं लागले. १९६१ सालीं हे भाव येणें थांबलें. तेव्हां १९६२ सालीं कल्याणजी भगत यांनीं वरळीस व १९६४ सालीं रतन खत्री यांनीं अंक सोडतीनें काढण्याची रीत पाडली. मटक्यांतून चिठ्ठी काढीत, म्हणून खेळाचें नांव मटका. कापूस गेला, आंकडा राहिला.

शून्यापासून नवापर्यंत अंक दहा. दोनदां निघालेल्या अंकांची जोडी होते; अशा जोड्या १००. सोडत निर्मळ आहे असें धरलें, तरी एक जोडी लागण्याचा संभव शंभरांत एक. तीच जोडी १०० दिवस धरली म्हणजे ती एकदां तरी येणारच, असें पुष्कळांस वाटतें. हा भ्रम होय. एका दिवशीं ती न येण्याचा संभव शंभरांत ९९. हा अपूर्णांक १०० वेळां घेऊन गुणला असतां सुमारें ३७ टक्के उरतात. म्हणजे इतक्या नेमानें खेळणाऱ्या १०० जणांपैकीं सरासरीनें ३७ जणांस एकदांही यश येत नाहीं. कालची सोडत आजच्या सोडतीस ठाऊक नसते. ज्याची जोडी लागते, त्याचा गांवभर बोलबाला होतो. न लागलेले गप्प बसतात.

रुपयास ९० रुपये मिळतात असें मानल्यास, सर्व जोड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्याचे १०० पैकीं ९० परत येतात. १० खेळविणाऱ्याकडे राहतात. परत आलेलें पुन्हां पुन्हां लावीत गेल्यास दहा फेऱ्यांत शंभराचे ३५ उरतात.

कोरडवाहू कपाशी पेरणाऱ्यास जोखीम नवी नाहीं. पाऊस त्याच्या हातीं नसतो. परंतु शेतांत चांगलें बीं, वेळेवर निंदणी व खत यांनीं पारडें थोडेंबहुत आपल्या बाजूस झुकवितां येतें. आंकड्यांत तें कोणत्याही मेहनतीनें केसभर हलत नाहीं. आणि वेचणीचा पैसा मात्र त्यांतच जातो.