ड्रायव्हरच खरा हीरो!

काळीकुळकुळीत लांबलचक गाडी अंधाऱ्या गल्लीत येऊन थांबते. मागच्या सीटवर मालक. अंगात हिरवा ओव्हरकोट, डोक्यावर हिरवी हॅट, डोळ्यांवर हिरवा मुखवटा. समोरून गुंडांची टोळी धावून येते. आता मालकाचा पराक्रम बघायचा म्हणून आपण सरसावून बसतो, तर पहिली लाथ पडते ड्रायव्हरची! पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो तोही ड्रायव्हरच.

‘द ग्रीन हॉर्नेट’, म्हणजे हिरवी गांधीलमाशी, या अमेरिकन टीव्ही मालिकेची ही गंमत. तिच्यावरून २०११मध्ये हॉलिवूडने चक्क विनोदी सिनेमा काढला, तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. आमच्या हीरोची टिंगल केली, ही त्यांची तक्रार. ती खोटी नाही. पण या टिंगलीतून एक जुना हिशेब चुकता झाला, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आलं.

गोष्टीचं मूळ रेडिओवर. ३१ जानेवारी १९३६ रोजी डेट्रॉइटच्या एका रेडिओ स्टेशनवरून ही श्रुतिका सुरू झाली. कर्ते जॉर्ज ट्रेंडल आणि फ्रॅन स्ट्रायकर. ‘लोन रेंजर’ हा मुखवटेधारी घोडेस्वार लोकप्रिय केला तोही याच मंडळींनी. नातंसुद्धा मोठं झकास जुळवलंय. ग्रीन हॉर्नेट म्हणजे ब्रिट रीड हा त्या लोन रेंजरच्या पुतण्याचा मुलगा! दिवसा वर्तमानपत्राचा मालक, रात्री मुखवट्याआडचा शिलेदार. पोलिसांच्या लेखी मात्र तो अट्टल गुन्हेगार. आपल्यातलाच समजून गुंड त्याला जवळ करतात आणि फसतात. कल्पना नामी होती. सोबतीला केटो हा आशियाई नोकर. घरात चाकरी करायची, गाडी हाकायची आणि वेळ आली की चार टाळकी शेकायची, ही त्याची कामं.

१९६६मध्ये एबीसी वाहिनीने हॉर्नेटला टीव्हीवर आणलं. निर्माते विल्यम डोझियर. त्याच वर्षी त्यांची ‘बॅटमॅन’ मालिका गाजत होती. ढिशुम-ढिशुमची अक्षरं पडद्यावर उमटायची, प्रेक्षक खो-खो हसायचे. हॉर्नेटला मात्र डोझियर यांनी गंभीर ठेवलं. ब्रिट झाला व्हॅन विल्यम्स. आणि केटोच्या भूमिकेसाठी निवडला गेला पंचविशीचा एक तरुण. १९६४मध्ये लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत त्याने केलेली प्रात्यक्षिकं हॉलिवूडच्या लोकांच्या नजरेत भरली होती. नाव, ब्रूस ली!

मग काय होणार? नोकराचा हात एवढा झपाट्याने चालायचा की कॅमेऱ्याला तो टिपताच येईना, जरा सावकाश मार, असं त्याला सांगावं लागलं, असा किस्सा आजही सांगितला जातो. मार्च १९६७मध्ये हॉर्नेट आणि केटो पाहुणे म्हणून ‘बॅटमॅन’मध्ये गेले. तिथे केटोने रॉबिनकडून हरायचं, असं आधी ठरलं होतं म्हणतात. ब्रूस लीने साफ नकार दिला. पडद्यावर कुस्ती बरोबरीत सुटली, एवढं खरं.

मालिका मात्र २६ भागांतच आटोपली. ब्रूस लीला पुढे हॉलिवूडमध्ये मनाजोगतं काम मिळेना. तो हाँगकाँगला गेला तर काय, तिथे लोक या मालिकेला ‘केटो शो’ म्हणत होते! अमेरिकेला जो नोकर वाटला, त्याला हाँगकाँगने हीरो मानलं होतं. १९७१मध्ये ‘द बिग बॉस’ आला आणि पुढचा इतिहास आपल्याकडच्या कुठल्याही कराटे क्लासची पाटी सांगेल. २० जुलै १९७३ रोजी तो गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी.

आता २०११चा सिनेमा. दिग्दर्शक मिशेल गोंड्री. सेथ रोगनने इव्हान गोल्डबर्गसोबत पटकथा लिहिली आणि ब्रिटही स्वतःच रंगवला. हा ब्रिट म्हणजे बापाच्या पैशावर पार्ट्या झोडणारा दिवटा. बाप जातो, दुसऱ्या दिवशी सकाळची कॉफी बेचव लागते आणि साहेब खवळतात. चौकशी केल्यावर कळतं, रोजची ती फक्कड कॉफी करणारा होता केटो. आदल्याच दिवशी नोकरांना काढताना ब्रिटने त्यालाही घरी पाठवलेलं! कॉफी केटोची, गाडी केटोची, हत्यारं केटोची, मारामारीही केटोचीच. मालकाची कमाई काय, तर बडबड. केटो त्याला गॅसची पिस्तूल देतो, ती तो स्वतःवरच झाडून घेतो आणि ११ दिवस बेशुद्ध पडतो. केटो सांगतो, माझा जन्म शांघायचा. यावर ब्रिट जपानचं कौतुक करतो! हसू येतं, आणि जरा टोचतंही. पूर्वी रेडिओवर याच केटोला आधी जपानी आणि मग फिलिपिनो करून टाकलं होतं. तो नेमका कुठला, याची फिकीर होती कुणाला?

म्हणून ही निव्वळ टवाळी वाटत नाही. जुन्या मालिकेने जे गंभीर चेहऱ्याने झाकलं, ते इथे हसत-हसत उघड केलंय. तमाशातला सोंगाड्या राजाला तोंडावर बोलतो ना, तसंच. ब्रिट आपल्या पेपरात हॉर्नेटचा उदोउदो करतो, केटोचा पत्ताच नाही. शेवटी दोघे हातघाईवर येतात. घरभर चाललेली ती मारामारी सिनेमातला सर्वांत खरा प्रसंग.

बाकी सिनेमा डावाउजवाच. तैवानचा लोकप्रिय गायक जे चाऊ केटो म्हणून भाव खाऊन जातो. आपला दरारा पडत नाही म्हणून कष्टी झालेला ख्रिस्तोफ वॉल्ट्झचा खलनायक मजेदार. कॅमेरॉन डियाझच्या वाट्याला फारसं काही नाही. रोगनची टकळी अर्ध्या तासानंतर डोकं उठवते आणि शेवटचा धिंगाणा आवरता आवरत नाही. सुमारे १२ कोटी डॉलर ओतून जगभरात जवळपास २३ कोटी जमले, पण दुसरा भाग काही निघाला नाही.

आणखी एक. ब्रूस ली गेल्यानंतर १९७४मध्ये जुन्या मालिकेचे भाग जोडून चित्रपटगृहांसाठी सिनेमा तयार झाला. मालिकेत त्याचं नाव व्हॅन विल्यम्सच्या मागून यायचं. या वेळी जाहिरात झाली ती ब्रूस लीच्या नावाने.