शनवार तेल्यांचा इतिहासकार

कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या रायगडांत, पूर्वीं तेलाचा घाणा चालविणारा एक समाज राहत असे. शनिवारीं तो घाणा बंद ठेवी, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. भाषा मराठी, आडनांवें पेणकर, रोहेकर, दिवेकर अशीं गांवांवरून पडलेलीं. धर्म मात्र यहुदी. हेच बेने इस्रायल. हाईम सॅम्युएल केहीमकर हे त्यांचे इतिहासकार. मराठवाड्यांत त्यांचें नांव फारसें ऐकूं येत नाहीं, म्हणून आज त्यांच्याविषयीं बोलावयाचें योजिलें आहे.

या समाजांतील सॅम्युएल दिवेकर यांनीं 1796 सालीं मुंबईस मांडवी भागांत पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत बगदादी यहुदी व्यापारी मुंबईस आले, आणि त्यांच्यापैकीं अनेकांनीं बेने इस्रायलांच्या कुलशुद्धीविषयीं शंका घेतली. प्रश्न केवळ मानाचा नव्हता. विवाहसंबंध त्यावर अवलंबून होते. केहीमकरांनीं 1875 मध्यें मुंबईंत आपल्या समाजासाठीं शाळा काढिली, आणि 1897 च्या सुमारास इंग्रजींत समाजाचा इतिहास लिहून पुरा केला.

साधनें कोणतीं? शिलालेख नाहींत, बखरी नाहींत. नौगांवजवळ गलबत फुटलें व सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, एवढी परंपरागत कथा. तेव्हां त्यांनीं चालीरीतींकडे लक्ष दिलें. ‘दारफळणी’, ‘खिरीचा सण’ अशीं सणांचीं मराठी नांवें त्यांनीं नोंदविलीं. हनुक्काचा सण पूर्वीं पाळला जात नसे; त्या सणाचें मूळ इ. स. पूर्व 164 मधील. म्हणून पूर्वज त्याआधीं, सुमारें इ. स. पूर्व 175 मध्यें निघाले असावेत, असें त्यांचें अनुमान.

येथें मास्तराची संवय मला गप्प बसूं देत नाहीं. एखादी चाल नाहीं, एवढ्यावरून ती कधींच नव्हती असें ठरत नाहीं. शतकांच्या ओघांत ती विसरलीहि जाईल. तें साल सिद्ध झालें, असें आजचे अभ्यासक मानीत नाहींत. पण अनुमान डळमळलें तरी नोंदी राहतात, आणि त्याच या ग्रंथाचें खरें धन होत.

हस्तलिखित चाळीस वर्षें पडून राहिलें. 1937 सालीं तेल अवीव येथें ओल्सवांगर यांनीं तें संपादून छापविलें. पुढें 1948 नंतर समाजांतील बहुसंख्य लोक इस्रायलांत गेले, आणि तेथेंहि 1960 नंतर कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या विवाहांविषयीं तीच जुनी शंका काढिली. आंदोलन करावें लागलें, तेव्हां 1964 मध्यें ती बाजूस सारली गेली. इकडे महाराष्ट्र सरकारनें 2016 सालीं यहुदी समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला.

श्रोतेहो, ज्या समाजाजवळ कागद नसतो, त्याची ओळख दुसरे ठरवूं पाहतात. आपल्या घरांतील वृद्धांना सणांचीं नांवें, गांवें, रीती आजच विचारा आणि लिहून ठेवा. अर्थ लावण्यास पुढची पिढी समर्थ आहे. सांगणारे मात्र थांबत नाहींत.