परका पैसा, परके हात आणि गावचा कारागीर

मिरजोळे (रत्नागिरी) : मोठा प्रकल्प येणार म्हटले की आपल्या जिल्ह्यात दोन आवाज उठतात. एक म्हणतो, रोजगार येईल. दुसरा म्हणतो, बाहेरचे लोक येतील. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तिजारत करणाऱ्याने हिशेब जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी मांडायचा असतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा तो हिशेब आज मांडून पाहू.

दाभोळचा धडा

परदेशी गुंतवणुकीचा आपल्या दारातील पहिला मोठा अनुभव म्हणजे गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प. अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी जून १९९२ मध्ये प्राथमिक करार झाला. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या तिच्या भागीदार कंपन्या होत्या. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, नंतर नव्या अटींवर तो पुन्हा झाला आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. विजेच्या दरावरून तंटा वाढला, मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले. दुसऱ्या टप्प्याचे बांधकाम बरेचसे पुरे झाले असताना थांबले. डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉननेच दिवाळे काढले. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभी राहिली.

यातून व्यापाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वीज केंद्र बांधायला हजारो हात लागतात, चालवायला मोजके लागतात आणि तेही शिकलेले. बांधकामाच्या काळात खानावळ चालते, खोल्या भाड्याने जातात, जीप आणि टेंपो फिरत राहतात. ही तेजी कायमची समजून ज्याने कर्ज काढले, त्याचा हप्ता काम थांबले म्हणून थांबत नाही.

पुढे राजापूर तालुक्यात जैतापूरला फ्रान्सच्या मदतीने प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या ठरल्या. साखरीनाट्याच्या मच्छीमारांना समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची आणि मासळीची धास्ती वाटली. एप्रिल २०११ मध्ये तेथे गोळीबार होऊन एक जण दगावला. अणुभट्ट्या अजून उभ्या राहिलेल्या नाहीत. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबूधाबीची तेल कंपनी नाणारच्या रिफायनरीत भागीदार व्हायला पुढे आल्या. लोकांच्या विरोधामुळे मार्च २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. ज्या मुलखात आमची मुले रोजीसाठी गेली, त्याच मुलखाचा पैसा आमच्या दारात येऊ पाहत होता आणि दारातूनच परत गेला.

जाणारे आणि येणारे

तोवर कोकणी मुसलमानांची चूल पेटती ठेवली ती आखाताने. १९७० नंतर तेलाचा पैसा वाढला तशी आपल्या गावांतून वेल्डर, फिटर, ड्रायव्हर, सेल्समन गेले. त्यांच्या पैशावर घरे बांधली गेली, बहिणींची लग्ने झाली, मशिदी आणि मदरसे सावरले. कापडाच्या दुकानात ईद आणि सुट्टीवर आलेला माणूस या दोन्ही गोष्टींची वाट सारखीच पाहिली जाते.

पण हा आधार दुसऱ्याच्या हातातला आहे. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणावे लागले. जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबावर माणशी दरमहा कर बसवला. सप्टेंबर २०१८ पासून कपड्यांच्या दुकानांसह अनेक दुकानांत ७० टक्के नोकऱ्या सौदी नागरिकांना राखून ठेवल्या. म्हणजे आमच्या सेल्समनची खुर्ची तेथील स्थानिकाला मिळाली. त्या सरकारच्या नजरेने पाहिले तर यात गैर काही नाही.

आता आपल्या बंदरावर या. मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी नेपाळी, आंब्याच्या बागेत राखण आणि फवारणीला नेपाळी, बांधकामावर बिहार-उत्तर प्रदेशचे कारागीर. पश्चिम किनाऱ्यावरील मासळी कारखान्यांत कोळंबी सोलायला एके काळी केरळच्या मुली ठेकेदारामार्फत आणल्या जात. आमचा मुलगा शारजात, त्याच्या जागी नेपाळचा मुलगा इथे. २०२० च्या टाळेबंदीत या साखळीचा खरा अर्थ कळला. आखातातला माणूस तिकडे अडकला, नेपाळी खलाशी इकडे अडकला आणि बोट किनाऱ्याला.

वाद माणसाचा नव्हे, मजुरीचा

बाहेरचा मजूर काम हिरावतो, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की शारजात आमचा मुलगाही बाहेरचाच आहे. ठेकेदार बाहेरचा मजूर पसंत करतो त्याचे कारण साधे आहे. तो कामावरच राहतो, भातलावणीला किंवा सणाला घरी जात नाही, जादा तास नाकारत नाही आणि मुकादमाच्या उचलीत बांधलेला असतो. त्याला कमी मजुरी दिली की गावच्या माणसाचाही भाव पडतो. दोघांना एकच मजुरी आणि तीही वेळेवर मिळाली, तर ठेकेदाराला स्थानिक टाळण्यात नफा उरत नाही. घाम वाळण्यापूर्वी मेहनताना देण्याची आपल्या दीनची शिकवण बाहेरच्या मजुरालाही लागू आहे. बोटीचे आणि बागेचे मालक आपल्यातही आहेत.

राज्य सरकारचे धोरण सवलती घेणाऱ्या उद्योगांत ८० टक्के स्थानिकांना घेण्याचे आहे. पण कागदावरची टक्केवारी हुनर शिकवत नाही. कारखाना वेल्डर मागतो आणि गावात वेल्डर नसला, तर टक्केवारी शिपाई-पहारेकऱ्यांत भरली जाते.

काय मागावे?

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळीपासून सुरिमी बनून परदेशी जाते. जो कारखाना इथलाच माल घेतो, त्याचा पैसा बोटवाला, बर्फवाला, टेंपोवाला यांच्या हातून बाजारात फिरतो. म्हणून नवा प्रकल्प आला की तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : बांधकाम संपल्यावर कायम नोकऱ्या किती आणि कोणत्या? दुसरा : त्या कामांचे शिक्षण आयटीआयमध्ये दोन वर्षे आधी सुरू होणार का? उर्दू शाळांतून निघणाऱ्या मुलांना मराठी-इंग्रजी अर्ज आणि यंत्राची भाषा शिकवण्याची तजवीज जमातीने आधीच करावी. तिसरा : गणवेश, कँटीन, वाहतूक, दुरुस्ती यांची खरेदी इथून होणार का? पाचशे कामगारांचे गणवेश म्हणजे गावच्या शिंप्यांचे काही महिन्यांचे काम आहे.

शिंपी बंधूंनी एकेकट्याने न जाता मिळून उद्यम नोंदणी करावी. २००६ च्या कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. नुसत्या व्यापाऱ्याला मात्र नोंदणीचा लाभ कर्जापुरताच आहे, हे ध्यानात ठेवावे.

परका पैसा येईल आणि जाईलही. कारागिराच्या हातातला हुनर आणि बाजारातली पत मात्र इथेच राहते. त्यात बरकत कशी येईल, याची फिकीर आपणच करायची आहे.