लबाड सार्जंट बिल्को

ठकविणाऱ्या माणसाविषयी प्रेक्षकाला ममता का वाटावी, हा प्रहसनातला जुना पेच आहे. नॅट हायकन यांची ‘फिल सिल्व्हर्स शो’ ही अमेरिकन विनोदी मालिका या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. सीबीएसने ती १९५५ ते १९५९ या काळात दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित केली. आरंभी तिचे नाव ‘तू कधीच श्रीमंत होणार नाहीस’ अशा अर्थाचे होते; नायकाचे सारे भविष्य त्यात आधीच सांगून टाकले होते!

हा नायक म्हणजे सार्जंट अर्नेस्ट बिल्को. इंग्रजीत ‘बिल्क’ म्हणजे ठकविणे. कॅन्ससमधील फोर्ट बॅक्स्टर या कल्पित छावणीतील मोटारविभाग त्याच्या ताब्यात आहे. युद्ध नाही, शत्रू नाही. तेव्हा पत्ते, सोडती, पैजा हाच त्याचा खरा उद्योग. मात्र समोरचा खरोखर भोळा निघाला, की याचेच मन द्रवते, आणि मिळविलेले परत करण्यासाठी तो तितकीच बुद्धी खर्च करतो. मराठीत ‘ठक’ आणि ‘लबाड’ हे शब्द शेजारी नांदतात. पण आई मुलाला कौतुकाने लबाड म्हणते, ठक म्हणत नाही. बिल्को या दुसऱ्या शब्दाचा धनी आहे.

शिवाय त्याच्याभोवतीची व्यवस्थाच अशी आहे, की तीपुढे त्याची लबाडी किरकोळ वाटू लागते. १९५६ मधील एका भागात नव्या सैनिकांची भरती विक्रमी वेगाने उरकण्याच्या नादात एक चिंपांझीही भरती होतो. तपासण्या होतात, शिक्के उमटतात. समोर कोण उभे आहे हे पाहण्यास कोणासही सवड नाही. पुढे त्याला सैन्यातून काढावयाचे तर लष्करी न्यायालय भरविणे आले, आणि आरोपीचा वकील बिल्को! चित्रणाच्या वेळी त्या प्राण्याने अवचित टेबलावरील दूरध्वनी उचलला. अशील दुसरा वकील मागतो आहे, असे सिल्व्हर्स यांनी तत्क्षणी जुळवून घेतले. आमच्या मते सगळ्या मालिकेचे मर्म या एका प्रसंगात आहे.

सिल्व्हर्स बर्लेस्क रंगभूमीवर तयार झालेले नट. प्लॉटसच्या रोमन प्रहसनांवर बेतलेल्या एका संगीतिकेत त्यांनी १९७२ साली ब्रॉडवेवर स्यूडोलस या धूर्त गुलामाची भूमिका केली आणि टोनी पारितोषिक मिळविले. बिल्कोचे कूळ कोठवर जाते, हे यावरून कळावे. धन्याला गुंडाळणारा गुलाम आणि कर्नलला गुंडाळणारा सार्जंट यांच्यात दोन सहस्र वर्षांचे अंतर आहे, पण खोड तीच.

पॉल फोर्ड यांनी रंगविलेले कर्नल हॉल चार वर्षे बिल्कोपुढे हतबल असतात. १९५९ मधील शेवटच्या भागात मात्र तो अखेर कोठडीत पडतो. कर्नलसाहेब त्याला दूरचित्रवाणीच्या पडद्यावर न्याहाळत बसतात आणि समाधानाने म्हणतात, की जोवर आपण याचे प्रायोजक आहोत, तोवर हा कार्यक्रम बंद पडावयाचा नाही.