बाद फेरीतील कबड्डी सामन्यांचे विश्लेषण : ग्रामीण महाविद्यालयीन संघांच्या संदर्भात

प्रस्तावना :
भातकापणी व झोडणी उरकली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. रात्रीच्या प्रकाशझोतात होणाऱ्या या स्पर्धा बहुतांशी बाद पद्धतीने खेळविल्या जातात. आपल्या महाविद्यालयीन संघांतील अनेक खेळाडू याच मैदानांवर घडलेले असतात. मात्र एका पराभवाने वर्षभराचा सराव संपुष्टात येतो आणि त्या पराभवाची मीमांसा 'नशीब', 'पंच' व 'मॅट' या तीन शब्दांत आटोपली जाते. बाद फेरीतील सामना कोठे जिंकला वा हरला जातो, हे नियमांच्या आधारे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बाद पद्धतीचे स्वरूप :
३२ संघांची स्पर्धा साखळी पद्धतीने घेतल्यास ४९६ सामने होतात. बाद पद्धतीने केवळ ३१. वेळ व पैसा यांची मर्यादा असलेल्या आयोजकांना ही पद्धत सोयीची वाटते, हे स्वाभाविक आहे. परंतु तिची दुसरी बाजू अशी की, ३२ पैकी १६ संघांच्या वाट्याला एकच सामना येतो. चूक सुधारण्यासाठी दुसरा दिवस मिळत नाही. म्हणून साखळी सामन्यात जी चूक किरकोळ ठरते, ती बाद फेरीत निर्णायक ठरते.

आघाडीचा खरा अर्थ :
केवळ गुणफलकावरून आघाडीचे मूल्य कळत नाही. त्यासाठी आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : उरलेला वेळ, मैदानावरील खेळाडूंची संख्या आणि सलग रिकाम्या गेलेल्या चढायांची संख्या. एका चढाईस ३० सेकंदांची मर्यादा आहे. जेथे तिसऱ्या चढाईचा नियम लागू असतो, तेथे सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. अन्यथा चढाईपटू बाद होतो.

उदाहरणादाखल असे समजू की, दोन मिनिटे शिल्लक असून 'अ' संघाकडे ३ गुणांची आघाडी आहे. पूर्ण वेळ घेतल्यास चारच चढाया उरतात, प्रत्येकी दोन. 'अ' संघाचे सहा खेळाडू मैदानात असतील व त्याची मागील चढाई गुण देणारी असेल, तर पुढील दोन्ही चढाया रिकाम्या नेऊन तो वेळ काढू शकतो. याउलट त्याचे दोनच खेळाडू उरले असतील व मागील दोन चढाया रिकाम्या गेल्या असतील, तर पुढची चढाई निर्णायक ठरते. ती फसली तर प्रतिस्पर्ध्यास १ गुण मिळतो. त्यानंतर उरलेला एकमेव खेळाडू बाद झाल्यास १ गुण व लोणाचे २ गुण जातात. एकूण ४ गुण गेल्यामुळे तीनची आघाडी एका गुणाच्या पिछाडीत बदलते. मात्र तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना केलेल्या अव्वल पकडीस एक जादा गुण मिळतो. त्यामुळे अशा वेळी पळ न काढता पकडीचे धाडस करणे हाच अनेकदा शहाणपणाचा मार्ग असतो.

आंतरराष्ट्रीय सामन्यांचा दाखला :
२०१६ साली अहमदाबाद येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण १८-१३ असा आघाडीवर होता. अखेरीस भारताने ३८-२९ असा विजय मिळविला. म्हणजेच उत्तरार्धात भारताचे २५, तर इराणचे ११ गुण झाले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मात्र उपांत्य फेरीत इराणने भारतीय पुरुष संघास २७-१८ असे हरविले. हांगझोऊ येथे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी झालेला अंतिम सामना २८-२८ अशा बरोबरीत असताना एका चढाईच्या नियमार्थावरून दीर्घकाळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा विजयी झाला. नियमांचे ज्ञान हाही सामन्याच्या तयारीचा भाग आहे, हे यावरून स्पष्ट होते.

बरोबरी आणि पाच चढाईपटू :
बाद फेरीत सामना बरोबरीत सुटू शकत नाही. अशा वेळी ५-५ चढायांचा डाव होतो. दोन्ही संघांचे सात-सात खेळाडू मैदानात राहतात, बाद होणे व पुन्हा आत येणे हा प्रकार नसतो आणि पाच वेगवेगळ्या खेळाडूंनी चढाया करावयाच्या असतात. तरीही बरोबरी राहिल्यास सुवर्ण चढाईने निकाल लागतो.

जिमखाना समितीचे काम पाहताना प्रस्तुत लेखकास याचा अनुभव आला. उपांत्यपूर्व सामना बरोबरीत सुटला. पंचांनी पाच नावे मागितली, तेव्हा कर्णधाराला तीनच सुचली. उरलेली दोन मुले, दोघेही उत्तम कोपरारक्षक, मान खाली घालून उभी होती. वर्षभर आम्ही त्यांच्याकडून एकदाही चढाईचा सराव करून घेतला नव्हता. दोष त्या मुलांचा नव्हता, आमच्या नियोजनाचा होता.

या संदर्भात आयर्लंडमधील हर्लिंग या खेळाचे उदाहरण बोलके आहे. तोही गावोगावच्या हौशी खेळाडूंनी जोपासलेला खेळ आहे. २०१३ चा अखिल आयर्लंड अंतिम सामना क्लेअर व कॉर्क या संघांत बरोबरीत सुटला. तेव्हा तो पुन्हा खेळविण्यात आला व क्लेअर विजयी झाला. आपल्या खेळाडूंना अशी दुसरी संधी नाही. म्हणून त्यांची तयारी आधीच व्हावयास हवी.

नोंदी कशा ठेवाव्यात? :
यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक वही व दोन विद्यार्थी पुरेसे आहेत. प्रत्येक चढाईसमोर चढाईपटू, उरलेला वेळ, समोरील बचावपटूंची संख्या, निकाल (स्पर्श, बोनस, पकड वा रिकामी) आणि त्या वेळचा गुणफलक एवढीच नोंद करावी. बोनस गुण समोर किमान सहा बचावपटू असतानाच मिळतो. त्यामुळे बचावपटूंच्या संख्येची नोंद न करता बोनसचा हिशेब करणे निरर्थक ठरते. शेवटच्या पाच मिनिटांच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. माती व मॅट यांवरील सामनेही स्वतंत्रपणे नोंदवावेत, म्हणजे 'मॅटमुळे हरलो' या विधानाची सत्यता तपासता येईल. गणित व संख्याशास्त्र विभागांनी या कामी क्रीडा विभागास साहाय्य केल्यास विद्यार्थ्यांना जिवंत प्रकल्प मिळेल.

निष्कर्ष :
१) बाद फेरीत आघाडीचे मूल्य वेळ, खेळाडूसंख्या व रिकाम्या चढाया यांवरून ठरते.
२) ५-५ चढायांसाठी किमान पाच चढाईपटू तयार असणे ही संघाची मूलभूत गरज आहे.
३) स्पर्धेत कोणते नियम लागू आहेत, याची खातरजमा सामन्यापूर्वीच करून घ्यावी.

आसनगाव वा मुरबाडच्या पलीकडून दोन वाहने बदलून सरावाला येणाऱ्या मुलाला आपण पराभवापासून नेहमीच वाचवू शकणार नाही. परंतु तो का हरला, हे त्याला नेमकेपणाने सांगणे ही शिक्षक म्हणून आपली जबाबदारी आहे.